चित्राच्या पाठीमागे : मायामी बीचची हॉटेल-पोस्टकार्डे पुरावा कशी झाली?

१/
शिकागोत छापलेले आणि फ्लोरिडात विकले गेलेले एक पोस्टकार्ड डोळ्यांसमोर आणावे. काळ १९३०च्या दशकाचा उत्तरार्ध. मधोमध तीन मजली शुभ्र हॉटेल, गोलाई दिलेले कोपरे, दर्शनी भागावर उभ्या अक्षरांत नाव. मागे गडद निळे आकाश, दोन्ही बाजूंना माडांची झाडे, दारात एक चकचकीत मोटार. रस्त्यावर माणूस नाही, विजेची तार नाही, शेजारची इमारतही नाही. अशा चित्रातील जवळजवळ प्रत्येक गोष्टीवर कोणीतरी हात फिरवलेला असतो. तरीही संग्राहक आणि इतिहासकार ही कार्डे जपतात. जाहिरातीसाठी छापलेला कागद इतिहासाचा पुरावा कसा होतो, याचा हा मागोवा.

२/
प्रथम पोस्टकार्डाविषयी. जगातील पहिले अधिकृत पोस्टकार्ड १ ऑक्टोबर १८६९ रोजी ऑस्ट्रिया-हंगेरीत निघाले. भारतात ते १ जुलै १८७९ रोजी पाव आण्याला मिळू लागले आणि 'पोचल्यावर कार्ड टाक' हे वाक्य मराठी घरांत रुजले. अमेरिकेत १८९८च्या कायद्याने खासगी छापखान्यांची कार्डे सवलतीच्या दरात टपालात जाऊ लागली. आरंभी मागील बाजूवर केवळ पत्ता लिहिण्याची मुभा होती. त्यामुळे दोन ओळींची खुशाली चित्राच्याच कडेला कोंबावी लागे. १ मार्च १९०७ पासून तेथे मागील बाजू दुभागली गेली : डावीकडे मजकूर, उजवीकडे पत्ता. पुढची बाजू पूर्णपणे चित्राला मिळाली.

३/
या बदलाचा मोठा लाभ समुद्रकिनारी हॉटेलांनी उचलला. पाहुण्यासाठी कार्डे मोफत ठेवावीत, त्याने ती गावाकडच्या आप्तेष्टांना पाठवावीत आणि त्यांच्यापैकी कोणीतरी पुढच्या हंगामात यावे, असा सरळ हिशेब होता. जाहिरातीचा टपालखर्चही पाहुण्याच्याच खिशातून जाई. अशा जुन्या कार्डांवर एखाद्या खिडकीवर शाईने केलेली फुली अनेकदा दिसते. 'ही आमची खोली' एवढेच तिला सांगायचे असते. त्या एका फुलीने छापील जाहिरातीत एका माणसाचा मुक्काम नोंदला जातो.

४/
आता स्थळाकडे. मायामी बीच हे मायामी शहरासमोरील, मधल्या खाडीने वेगळे झालेले लांबट बेट. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे खारफुटी, वाळू आणि डास यांचेच राज्य होते. जॉन कॉलिन्स यांनी सुरू केलेला लाकडी पूल १९१३ मध्ये पुरा झाला. कार्ल फिशर या उद्योजकाने खाडीच्या तळाची वाळू उपसून बेटावर भर घातली. १९१५ मध्ये गावाला नगराचा दर्जा मिळाला. पुढे जमिनींच्या किमती आकाशाला भिडल्या, मग कोसळल्या. १८ सप्टेंबर १९२६च्या चक्रीवादळाने उरलीसुरली घडीही विस्कटली.

५/
पुन्हा बांधकाम सुरू झाले ते १९३०च्या दशकात. मात्र आता ग्राहक बदलला होता. धनाढ्यांच्या प्रासादतुल्य हॉटेलांच्या जागी मध्यमवर्गीय प्रवाशांसाठी लहान हॉटेले उभी राहू लागली. हेन्री होहाउझर आणि एल. मरे डिक्सन हे त्यांतील प्रमुख वास्तुरचनाकार. होहाउझरचे 'कॉलनी' १९३५चे, डिक्सनचे 'टाइड्स' १९३६चे, होहाउझरचेच 'कार्डोझो' १९३९चे. गोल कोपरे, खिडक्यांवर भुवईसारख्या सज्जाच्या पट्ट्या, जहाजाची आठवण देणाऱ्या गोल खिडक्या, निऑनची नावे. महागडे दगडकाम परवडत नव्हते. आकृतीवरच भिस्त होती.

६/
ही शैली आर्ट डेको. मुंबईकरांना ती अपरिचित नाही. त्याच काळात मरीन ड्राइव्ह आणि ओव्हल मैदानाच्या पश्चिमेला याच वळणाच्या इमारती उठत होत्या. २०१८ मध्ये युनेस्कोने मुंबईचा व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींचा समूह जागतिक वारसा यादीत घेतला. आर्ट डेको इमारतींच्या संख्येची चर्चा निघते तेव्हा मायामी आणि मुंबई ही नावे शेजारी येतात. फरक उपयोगाचा आहे. मरीन ड्राइव्हवर मुख्यतः भाड्याची राहती घरे झाली, तर मायामी बीचवर हॉटेलांचीही रांग लागली. आणि प्रत्येक हॉटेलाला स्वतःचे पोस्टकार्ड हवे होते.

७/
ती गरज भागवणाऱ्यांत सर्वांत मोठे नाव शिकागोच्या कर्ट टाइख कंपनीचे. जर्मनीतून आलेल्या कर्ट टाइखने ती १८९८ मध्ये स्थापन केली. कंपनीचे विक्रेते देशभर हिंडत, हॉटेलमालकांना गाठत आणि अनेकदा छायाचित्रही स्वतःच काढत. १९३०च्या दशकाच्या आरंभी कंपनीने कापडाच्या विणीसारखा उठाव असलेला कागद वापरात आणला. संग्राहक या प्रकाराला 'लिनन कार्ड' म्हणतात. वस्तुतः तो कागदच. या उठावामुळे शाई लवकर वाळे आणि स्वस्त कागदावरही भडक रंग खुलत.

८/
रंग आले कोठून, हा प्रश्न येथे महत्त्वाचा. मूळ छायाचित्र कृष्णधवल असे. छत कोणत्या रंगाचे, पडदे कोणते, याच्या सूचना विक्रेता लिहून पाठवी. सुमारे दोन हजार किलोमीटर दूर शिकागोत बसलेले चित्रकार त्यांवरून काम करत. खांब, तारा, कचरा आणि नकोशा मोटारी पुसल्या जात. ढग आणि झाडे घातली जात. शेजारची इमारत फिकट होत होत नाहीशी होई. मोकळ्या भूखंडाची हिरवळ बनवता येई. ज्याने रंग भरले त्याने ते हॉटेल पाहिलेले असेलच असे नव्हते.

९/
कंपनी १९७८ मध्ये बंद पडली; तिचे दप्तर मात्र वाचले. ते १९८२ मध्ये इलिनॉयमधील लेक काउंटीच्या संग्रहालयाकडे गेले आणि २०१६ पासून शिकागोच्या न्यूबेरी ग्रंथालयात आहे. त्यात केवळ कार्डे नाहीत. अनेक कामांची मूळ छायाचित्रे, ग्राहकाच्या सूचना आणि खुणा केलेले कागदही त्यात आहेत. मूळ छायाचित्र आणि छापील कार्ड शेजारी ठेवले की काय पुसले गेले ते दिसते. जाहिरातदाराच्या इच्छेचा इतका तपशीलवार पुरावा क्वचितच हाती लागतो.

१०/
कार्डाचा काळ ठरवणे हे संग्राहकाचे पहिले कसब. टाइखच्या कार्डांवर बारीक अक्षरांत एक क्रमांक असतो. '६ए-एच' असा आरंभ असलेला क्रमांक घेऊ. 'ए' म्हणजे १९३०चे दशक, 'बी' म्हणजे १९४०चे, 'सी' म्हणजे १९५०चे. आधीचा अंक त्या दशकातील वर्ष सांगतो. म्हणजे हे कार्ड १९३६चे. टपालाच्या शिक्क्यावर याच कार्डासाठी १९४१ असू शकते, कारण छापलेला गठ्ठा संपेपर्यंत वर्षानुवर्षे वापरला जाई. शिक्का एवढेच सिद्ध करतो की कार्ड त्या दिवसानंतरचे नाही.

११/
क्रमांक नसेल तर इतर खुणा कामास येतात. अमेरिकेत कार्डाचा टपालदर १९५१ अखेर एक सेंट होता. १ जानेवारी १९५२ पासून तो दोन सेंट झाला. पत्त्यात शहराच्या नावापुढे एक-दोन अंकी विभाग-क्रमांक असेल तर कार्ड बहुधा १९४३ नंतर लिहिलेले. पाच अंकी झिप क्रमांक असेल तर १९६३ नंतरचे. छापील मजकूरही बोलतो. एका कार्डावर समुद्राच्या वाऱ्याची स्तुती असते, त्याच हॉटेलाच्या पुढच्या कार्डावर वातानुकूलनाची. दोन्ही कार्डे हाती असतील तरच मधला बदल कळतो. म्हणून एकाच इमारतीची अनेक कार्डे ही पुनरावृत्ती नसून मालिका असते.

१२/
मालिकेचे मोल फार लवकर ओळखणाऱ्यांत छायाचित्रकार वॉकर एव्हान्स होता. त्याने आयुष्यभर सुमारे ९,००० पोस्टकार्डे जमवली. ती आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहेत. त्याने ती विषयवार लावली होती, आणि त्या विषयांत कारखाने, दीपगृहे यांच्यासोबत 'उन्हाळी हॉटेले' हाही एक होता. अमेरिकेच्या साध्या, अलंकारहीन नोंदी घेणाऱ्या या कलावंताला अनामिक छापखान्यांच्या कार्डांत आपल्याच कामाचे पूर्वज दिसत होते.

१३/
दुसरे उदाहरण एका मुलाचे. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर सहा-सात वर्षांचा लिओनार्ड लॉडर मायामी बीचवर राहत होता. तेथील नव्या हॉटेलांची कार्डे गोळा करण्याचा त्याला छंद जडला. सौंदर्यप्रसाधनांच्या प्रसिद्ध उद्योगाची संस्थापक एस्टी लॉडर ही त्याची आई. पुढे तो त्या उद्योगाचा प्रमुख आणि अमेरिकेतील मोठा कलासंग्राहक झाला. क्युबिस्ट चित्रांचा त्याचा संग्रह मेट्रोपॉलिटनला गेला. सुमारे १ लाख २० हजार पोस्टकार्डांचा संग्रह त्याने बॉस्टनच्या ललित कला संग्रहालयाला देऊ केला.

१४/
या कथेला एक काटेरी बाजू आहे. लॉडर कुटुंब ज्यू होते. फिशरच्या हॉटेलांत ज्यूंना मज्जाव होता आणि त्याच्या भूखंडांच्या खरेदीखतांत कोणाला विकू नये याच्या अटी असत. बेटाच्या दक्षिण टोकाकडील अनेक लहान हॉटेले ज्यू मालकांची होती. उत्तरेकडील कित्येक बड्या हॉटेलांत त्यांना प्रवेश नव्हता. 'केवळ बिगर-ज्यूंसाठी' अशा पाट्या उघडपणे लागत. पत्रकांतील सभ्य भाषेत हेच 'मर्यादित ग्राहकवर्ग' असे लिहिले जाई. अशा पाट्या आणि जाहिरातींवर शहराची परिणामकारक बंदी आली ती १९४९ मध्ये. ज्या शहराची रंगीत कार्डे एक ज्यू मुलगा प्रेमाने गोळा करत होता, त्या शहरातले काही दरवाजे त्याच्यासाठी बंद होते. चित्रात मात्र सर्व दरवाजे सारखेच उघडे दिसतात.

१५/
कृष्णवर्णीयांसाठी ही बंदी आणखी कठोर होती. हॉटेलांतील खोल्या झाडणे, भांडी घासणे, कपडे धुणे ही कामे मोठ्या प्रमाणावर तेच करत. मात्र बेटावर वावरण्यासाठी त्यांना पोलिसांकडे नोंद करून ओळखपत्र बाळगावे लागे आणि काम संपले की पूल ओलांडून मायामीत परतावे लागे. बड्या हॉटेलांच्या मंचावर गाणाऱ्या नामांकित कृष्णवर्णीय कलावंतांनाही त्याच हॉटेलात खोली मिळत नसे. ते मायामीच्या ओव्हरटाउन वस्तीत मुक्कामाला जात. कार्डावरील खोलीत पलंगाची चादर ताणून बसवलेली दिसते. ती बसवणारी स्त्री दिसत नाही.

१६/
समुद्राचेही तसेच. ९ मे १९४५ रोजी काही कृष्णवर्णीय नागरिकांनी हॉलओव्हर किनाऱ्यावर जाणीवपूर्वक पाण्यात उतरून बंदी मोडली. परिणामी १ ऑगस्ट १९४५ रोजी व्हर्जिनिया की येथे 'फक्त कृष्णवर्णीयांसाठी' किनारा उघडण्यात आला. आरंभी तेथे होडीनेच जाता येई. २५ फेब्रुवारी १९६४ रोजी कॅसियस क्ले, म्हणजेच नंतरचा महंमद अली, मायामी बीचच्या सभागृहात जगज्जेता झाला. त्या रात्रीचा आनंदसोहळा झाला खाडीपलीकडच्या, कृष्णवर्णीय वस्तीतील हॅम्प्टन हाउसमध्ये.

१७/
येथे एक सावधगिरी हवी. कार्डात कृष्णवर्णीय माणूस नाही, एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. हॉटेलांच्या कार्डांत पुष्कळदा कोणीच माणूस नसतो, कारण चित्रकार गर्दी पुसत असत. परंतु ज्या कार्डांत माणसे मुद्दाम दाखवली आहेत, अशी किनाऱ्यावरची, तलावाकाठची, भोजनगृहातली शेकडो कार्डे एकत्र मांडली आणि त्यांच्या शेजारी त्या काळचे कायदे व वृत्तपत्रे ठेवली, तर अनुपस्थिती योगायोग राहत नाही. एक कार्ड खोटे बोलू शकते. गठ्ठा मात्र त्या खोट्यामागची रीत उघड करतो.

१८/
मागील बाजू कधी चित्रालाच खोडून काढते. १९४२ मध्ये अमेरिकी लष्कराच्या हवाई दलाने मायामी बीचवरील शेकडो हॉटेले प्रशिक्षणासाठी ताब्यात घेतली. जेवणाच्या दालनांत सैनिकांच्या पंगती बसल्या, गोल्फच्या मैदानांवर कवायती झाल्या. १ एप्रिल १९४२ पासून सैनिकांना टपाल मोफत होते; तिकिटाच्या जागी 'मोफत' या अर्थाचा इंग्रजी शब्द हाताने लिहिला की पुरे. अशी कार्डे आजही सापडतात. पुढे ऐषारामी हॉटेल, मागे सैनिकाचा पत्ता आणि तिकिटाऐवजी तो एकच शब्द. शिक्का पाहिला नाही तर पुढचे चित्र शांततेच्या काळातले वाटते.

१९/
तथापि बाजाराचा न्याय वेगळा असतो. विक्रेत्याकडे कोरे, कोपरे शाबूत असलेले कार्ड सहसा सरस ठरते. लिहिलेले, शिक्का पसरलेले कार्ड दुय्यम. इतिहासाच्या दृष्टीने हा क्रम पुष्कळदा उलटा होतो. पाठवणारा कोणत्या शहरातील घरी लिहितो, किती दिवस राहतो, कशाची तक्रार करतो, हे सारे मागील बाजूवर असते. कार्ड वहीत डिंकाने चिकटवले की ही बाजू कायमची जाते. म्हणून जाणते संग्राहक कोपरे अडकवणारे कागद किंवा रसायनमुक्त पारदर्शक पाकिटे वापरतात आणि नोंद करायचीच तर ती हलक्या पेन्सिलीने करतात.

२०/
१९७०च्या दशकापर्यंत या हॉटेलांची रया गेली होती. अनेकांत अल्प उत्पन्नाचे वृद्ध राहत. बिल्डरांना जमीन हवी होती. १९७६ मध्ये बार्बरा बेअर कॅपिटमन यांच्या पुढाकाराने मायामी डिझाइन प्रिझर्व्हेशन लीग स्थापन झाली. १९७९ मध्ये हा परिसर ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत गेला. नोंद झाली, पण पाडकाम थांबले नाही. होहाउझरचे 'न्यूयॉर्कर' १९८१ मध्ये आणि डिक्सनचे 'सेनेटर' निदर्शने होऊनही १९८८ मध्ये पाडले गेले. त्यांचे रूप आता छायाचित्रांत, नकाशांत आणि एके काळी फुकट वाटलेल्या कार्डांत उरले आहे.

२१/
मग जीर्णोद्धारासाठी कार्ड पाहून रंग द्यावा काय? नाही. ते रंग शिकागोचे. आज पर्यटकांना ठाऊक असलेले गुलाबी, फिकट हिरवे, जांभळट मायामी बीचही १९३०च्या दशकातील नव्हे. तेव्हाच्या बहुतेक इमारती पांढऱ्या किंवा मळकट पांढऱ्या होत्या. रंग कडांपुरता असे. फिकट रंगांची ही उधळण १९८०च्या दशकात डिझायनर लिओनार्ड हॉरोविट्झ यांनी सुचवली आणि ती इतकी रुजली की तीच परंपरा वाटू लागली. कार्डाकडून इमारतीची आकृती, पाटी आणि खिडक्यांची रचना घ्यावी. रंगाची साक्ष भिंतीवरचे जुने थर खरवडूनच घ्यावी.

२२/
आता पुन्हा ते पहिले कार्ड. निळे आकाश शिकागोत रंगवलेले. शेजारची इमारत पुसलेली. क्रमांक सांगतो वर्ष १९३६. शिक्का म्हणतो १९४१. खिडकीवर शाईची फुली आहे. त्या खिडकीत कोण उतरू शकत होते आणि चादर घालून सायंकाळी कोणाला पूल ओलांडावा लागत होता, हे कार्ड सांगत नाही. परंतु ते विचारायचे कसे, हे कार्डच शिकवते. त्यासाठी एवढेच करावे लागते की चित्र पाहून झाल्यावर ते उलटावे, आणि मग त्याच्या शेजारी दुसरे ठेवावे.